एकाच रेड वाइनची वेगवेगळी सालं घरी चाखताना: क्रम कोणता, आणि फरक कशाचा?

सप्तपर्णी

नमस्कार मंडळी.

एकाच वाइनरीच्या, एकाच मळ्यातल्या कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या वाइनच्या चार बाटल्या माझ्याकडे साठल्या आहेत. दोन अलीकडच्या, पाठोपाठच्या सालांच्या. दोन त्याहून साधारण दहा वर्षं जुन्या, त्याही पाठोपाठच्याच. चारही एका संध्याकाळी उघडून शेजारी शेजारी चाखायचं ठरलंय. आम्ही सहाजण आहोत. सगळ्यांना वाइन आवडते, व्यावसायिक कुणीच नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा वाटतो, पण जिथे वाचावं तिथे वेगळं उत्तर मिळतं: आधी नवी की आधी जुनी? दुसरा मला जास्त छळतोय. दोन सालांच्या चवीत फरक जाणवला, तर तो त्या वर्षीच्या ऊनपावसाचा की बाटलीत काढलेल्या वर्षांचा?

जुनी बाटली आवडली की लोक "छान मुरली आहे" म्हणतात, नाही आवडली की "ते सालच खराब होतं" म्हणतात. दोन्ही वेळा पुरावा एकच, तो एक घोट. वय आणि हवामान यांचा गुंता घरी बसूनही सोडवता येतो असं माझं मत आहे, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप. कसं करावं ते सांगा.

निवांत

सहाजण आणि चार बाटल्या, म्हणजे एक खुर्ची रिकामी आहे असं समजतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

आडवाट

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: नवीकडून जुनीकडे.

नव्या कॅबरनेत फळ वर असतं. ब्लॅककरंट, प्लम, ओकच्या पिपातून आलेला व्हॅनिलाचा वास, सगळं ठळक आणि ओळखायला सोपं. मग एकेक पायरी मागे जाताना तेच फळ कसं सुकत जातं, त्यात तंबाखू, चामडं, देवदाराचं लाकूड, ओल्या पानांचा वास कसा शिरतो हे कळत जातं. जुनी आधी घेतली तर हे वास कुठून आले ते समजायला काही आधारच राहत नाही. शिवाय जुनीवरून एकदम नवीवर आलं की नवी आडदांड वाटते. तिच्यावर अन्याय होतो.

कातरवेळ

आडवाट, अन्याय उलट्या बाजूने जास्त होतो.

टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून आलेली तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा काढून घेतात. हा तुरटपणा घोटागणिक साचत जातो, पहिल्या घोटापेक्षा चौथ्याला जास्त जाणवतो. दोन तरण्या कॅबरने पिऊन झाल्यावर तोंड इतकं आवळलेलं असतं की जुनीतलं नाजूक काहीही पोचत नाही. मग ती पोकळ वाटते आणि लोक म्हणतात, गेली कामातून.

दुसरं कारण वेळेचं. जुनी वाइन ग्लासात ओतल्यावर कधी कधी अर्ध्या-पाऊण तासात मावळते. नवीला उलट तेवढा वेळ उघडायला लागतो. म्हणून जुनी आधी, ताजी असताना. नव्या तोवर ग्लासात श्वास घेतील.

खडीसाखर

वाचतेय. अगदी हाच वाद आमच्याकडे दर वेळी होतो आणि दर वेळी अनिर्णित सुटतो.

प्रयोगवही

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून क्रमावर सगळं सोडायचंच नाही.

सहाजण आहात ना? तिघांनी नवीकडून जुनीकडे जावं, तिघांनी जुनीकडून नवीकडे. मग दहा मिनिटं थांबून, पाणी पिऊन, प्रत्येकाने उलटा क्रम घ्यावा. दोन्ही फेऱ्यांत जे टिकलं तो वाइनचा गुण. एकाच फेरीत जाणवलं ते बहुधा क्रमामुळे. ५० मिलिलिटरचा एक पेग धरला तर ७५० च्या बाटलीत १५ होतात, म्हणजे दोन फेऱ्या करूनही उरेल. आणि थुंकायला भांडं ठेवा. तिसऱ्या ग्लासानंतर नाक सैल पडतं, मग नोंदी सगळ्या "छान, छान, फारच छान" अशा होतात.

आता महत्त्वाचं. बाटली कुणाला दिसू देऊ नका. २००१ साली प्रसिद्ध झालेला, फ्रान्समधल्या बोर्दोतला एक प्रयोग आहे, मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिउ या तिघांचा. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना एकच व्हाइट वाइन दोनदा दिली, एकदा तशीच आणि एकदा वास नसलेला लाल रंग घालून. लाल दिसल्यावर त्यांनी वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत असेल, तर लेबलावरचं जुनं साल वाचून आपल्याला चामडं आणि तंबाखू सापडणं किती सोपं आहे ते बघा.

बाटल्या कागदात गुंडाळा, बुचावरचं वेष्टन पूर्ण काढा, ग्लासांच्या बुडाखाली नंबर चिकटवा. ओतणारा एक आणि मांडणारा दुसरा असेल तर उत्तम, कारण मग खोलीतल्या कुणालाच सगळं माहीत नसतं.

सप्तपर्णी

प्रयोगवही, निम्मे इकडून आणि निम्मे तिकडून, हे फारच आवडलं. तसंच करणार.

पण डोळ्यांचं काय? जुनीचा रंग कडेला विटकरी होतो, नवीची कड जांभळट असते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की वय उघड. मग बाटली झाकून काय साधलं?

प्रयोगवही

जुनी आणि नवी यांत काही नाही साधलं, बरोबर. पण तुमच्याकडे पाठोपाठच्या सालांच्या जोड्या आहेत. एका जोडीतल्या दोन वाइनचा रंग बहुधा इतका जवळचा असेल की डोळे मदत करणार नाहीत. फारच शंका असेल तर काळे ग्लास वापरतात, किंवा लाल दिवा लावतात.

अलीकडच्या जोडीवर तिकटीची चाचणी करून बघा. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोनांत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता एवढंच ओळखायचं, आवडनिवड नाही. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून सहापैकी दोघांना जमणं म्हणजे काहीच नाही. नुसत्या अंदाजाने चौघांना किंवा जास्त जणांना जमण्याची शक्यता १० टक्के. पाच किंवा सहाजणांना जमण्याची २ टक्क्यांहूनही कमी.

निवांत

आणि एकाच बाटलीतून तीन ग्लास भरून दिले तर? लोक तिन्हींचे स्वभाव वेगवेगळे सांगतील याची मी पैज लावतो.

प्रयोगवही

निवांत, जरूर करावं. एका फेरीत न सांगता तसंच करा. ज्याला त्यातही वेगळा ग्लास सापडला त्याच्या नोंदी थोड्या हलक्या हाताने घ्या.

भिंगरी

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. टॅनिन आणि आम्लता तोंडात वेगळे कसे ओळखायचे? मला दोन्ही एकत्रच "करकरीत" वाटतात.

कातरवेळ

भिंगरी, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. नोंद नीट करायची असेल तर पहिला प्रश्न हाच.

घोट तोंडात फिरवून थुंकून टाका आणि थांबा. जिभेच्या दोन्ही कडांखालून, जबड्याच्या कोपऱ्यांतून लाळ सुटायला लागली तर ती आम्लता. जितकी लाळ जास्त आणि जितका वेळ, तितकी आम्लता जास्त. आता जीभ वरच्या हिरडीवर, पुढच्या दातांच्या मागे घासून बघा. ती खरखरत अडखळत सरकली, गालाची आतली बाजू दातांना चिकटल्यासारखी झाली, तर ते टॅनिन. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने जे होतं तेच. आणि गिळल्यावर छातीत उतरणारी ऊब आहे ती अल्कोहोलची.

एक अजून लक्षात ठेवायचं. टॅनिन किती आहे आणि कसं आहे हे वेगळं लिहायचं. नव्यात ते वाळूच्या कणांसारखं बोचतं, जुन्यात बारीक पिठासारखं पसरतं. टॅनिनचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडून घेत मोठे होतात, त्यातले काही तळाशी बसतात. गाळ तो हाच. म्हणून जुनी वाइन फिकटही होते आणि मऊही.

भिंगरी

आत्ताच घरी करून पाहिलं. लाळ आणि खरखर, दोन्ही वेगवेगळे लागले! खूप आभार.

उंबरठा

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

हवामान वाइनमध्ये कुठे बसतं? मुख्यतः तीन ठिकाणी.

एक, आम्लता. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन मुख्य आम्लं असतात. मॅलिक आम्ल वेल पिकण्याच्या काळात श्वसनात खर्चून टाकते, आणि गरमी जितकी जास्त तितकं जास्त. म्हणून उन्हाळ्याने भाजलेल्या वर्षाची वाइन मऊ, थोडी बसकी लागते, आणि थंड वर्षाची ताठ. दोन, साखर, म्हणजेच पुढे अल्कोहोल. लेबलावरचा टक्का वाचा, पाठोपाठच्या सालांत अर्ध्या-एक टक्क्याचा फरक सहज दिसतो. तीन, आणि कॅबरनेसाठी सगळ्यात उपयोगाचं: ढोबळी मिरचीचा वास. तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा. फळ पिकत जाईल, त्यावर ऊन पडेल तसं ते कमी होतं. ढगाळ, थंड वर्षात पुरतं जात नाही आणि वाइनमध्ये उतरतं.

बोर्दोची २००९ आणि २०१० ही जोडी यासाठी पाठ करून ठेवावी अशी आहे. दोन्ही नावाजलेली सालं. २००९ उबदार आणि सढळ, फळ अगदी पुढे, टॅनिन पिकलेले. २०१० सुद्धा कोरडं वर्ष, पण आम्लता चढी आणि बांधा जास्त कडक. शेजारी शेजारी ठेवल्या की वयात एका वर्षाचा फरक आणि स्वभावात एवढा. एका वर्षाच्या वयाने तो पडत नाही, हवामानानेच पडतो. टोकाची उदाहरणं हवी असतील तर २००३ ची युरोपातली उष्णतेची लाट आणि २०१३ चं बोर्दो, जिथे वसंत गारठलेला होता आणि मर्लो या द्राक्षाचा फुलोराच नीट धरला नाही.

तर सप्तपर्णी, तुमच्या बाटल्यांचं सोनं असं होईल: प्रत्येक जोडीत एक गरम आणि एक थंड साल असेल, तर तुमच्याकडे चौकट तयार आहे. जुनी गरम, जुनी थंड, नवी गरम, नवी थंड. आडवं ताडून बघाल तेव्हा वय जवळजवळ सारखं, म्हणून फरक हवामानाचा. उभं ताडून बघाल, म्हणजे गरमला गरमशी आणि थंडला थंडशी, तेव्हा हवामान साधारण सारखं, म्हणून फरक वयाचा. तुमचा गुंता सुटला.

सप्तपर्णी

उंबरठा, मी वाचता वाचता उभीच राहिले! जुन्या जोडीतलं पहिलं साल त्या भागात खूप तापलेलं होतं, दुसरं गार आणि लांबलेलं. अलीकडच्या जोडीत क्रम उलटा, पण एक गरम आणि एक थंड आहेच. लेबलांवरचे टक्केही तसेच सांगतात, दोन्ही गरम सालं १४.५ आणि दोन्ही थंड १३.५. चौकट झालीच की.

कडूगोड

रंगाचा बेरंग करायची इच्छा नाही, पण चौकट दिसते तितकी स्वच्छ नाही.

साल म्हणजे फक्त आकाश असं तुम्ही सगळे धरून चाललात. दहा वर्षांत वाइनमेकर बदलला असेल, नव्या ओकचं प्रमाण कमी-जास्त झालं असेल, वेली दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या असतील. कॅबरने लिहिलेल्या बाटलीत दुसरं द्राक्षही असू शकतं आणि त्याचं प्रमाण दर साली वेगळं. इतकंच काय, युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे लेबलावर साल छापायला त्या सालची ८५ टक्के द्राक्षं पुरतात. मग तुम्ही जे ताडून बघताय ते नेमकं काय?

उंबरठा

कडूगोड, मुद्दा रास्त आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. फक्त आडव्या तुलनेला तो फारसा लागत नाही. सलग दोन सालांत हात, पिपं आणि वेली बहुधा त्याच असतात. उभ्या तुलनेत मात्र लागतो. सप्तपर्णी, वाइनरीने प्रत्येक सालची माहिती दिली असेल तर द्राक्षांचं मिश्रण, ओकचे महिने आणि तोडणीची तारीख पाहून घ्या. पण चाखून झाल्यावर. आधी वाचलंत तर तेच सापडेल.

आडवाट

अजून एक गोष्ट चौकटीबाहेर राहिली: बाटली कुठे आणि कशी राहिली. दहा वर्षं १३ अंशांच्या स्थिर गारव्यात पडून राहिलेली आणि दहा उन्हाळे कपाटात काढलेली, या एकाच सालच्या दोन वेगळ्या वाइन असतात. जुन्या दोन्ही एकाच जागी राहिल्या होत्या का? आणि वाइनची पातळी बघा. मानेत आहे, मानेच्या बुडाशी आहे की खांद्यापर्यंत उतरलीय? दहा-बारा वर्षांत खांद्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून बरीच हवा आत गेली आहे. मग जे लागेल त्याचा दोष सालाला देऊ नका.

सप्तपर्णी

दोन्ही जुन्या घेतल्यापासून एकाच कपाटात, तळाच्या गार कप्प्यात आडव्या. पातळी दोन्हींची मानेत.

खडीसाखर

यावरून आठवलं. आमच्या गटात मागे अशीच बैठक झाली. एक साल सगळ्यांना रुक्ष, फळ नसलेलं वाटलं. वास वाईट नव्हता, नुसता मुका होता. "ते वर्ष पावसाचं होतं" असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्ध्या तासाने वाइन जरा तापल्यावर त्याच ग्लासातून ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला. त्याच सालची दुसरी बाटली होती म्हणून उघडली, तर ती त्या संध्याकाळची सगळ्यात सुंदर वाइन निघाली.

हा बुचातला टीसीए, म्हणजे बुचातून वाइनमध्ये उतरणारं एक रसायन. लिटरला काही नॅनोग्रॅम एवढा पुरतो. जास्त असला तर ओलसर तळघरासारखा वास येतो आणि कळतं. कमी असला तर स्वतः दिसत नाही, पण बाकीचे वास दाबून टाकतो. घातक तोच, कारण दोष सालावर ढकलला जातो. शक्य असेल तर प्रत्येक सालची एक बाटली राखीव ठेवा.

भिंगरी

बाप रे. आणि राखीव नसेल तर?

खडीसाखर

तर मग त्या ग्लासाच्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि चौकटीतला तो कोपरा कोरा सोडायचा. मनाने भरायचा नाही.

पाचवा_कोपरा

जुन्या बाटल्या उघडण्याबद्दल थोडं, कारण ऐनवेळी तिथेच घोळ होतो.

दोन दिवस आधी उभ्या करून ठेवा, गाळ तळाशी बसू दे. नंतर हलवू नका. बूच दहा-बारा वर्षांचं असेल तर साधा स्क्रू बहुतेक चालतो, पण सावकाश आणि सरळ. त्याहून जुन्याला दोन पात्यांचा चिमटा चांगला: पाती बूच आणि काच यांच्या मधून डुलवत आत घालायची आणि पिळत वर ओढायचं. बूच तुटून आत पडलं तर घाबरू नका, बारीक गाळणीतून डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईत, ओता.

ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च ठेवा. एकाच संथ धारेत ओतायचं, मधे बाटली सरळ करायची नाही. आधी वाइन स्वच्छ लाल जाते, मग धुरासारखी एक काळी रेघ खांद्यावरून मानेकडे सरकताना दिसते. ती मानेत शिरली की थांबायचं. तळाशी दोन-तीन घोट उरतील, ते उरू द्या. गाळ ग्लासात आला तर कडवट आणि खरखरीत लागतो आणि टॅनिनच्या नोंदी चुकतात.

बाटली डिकँट केली की लगेच चाखा. फ्रेंच वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचं म्हणणं मला पटतं: गाळ असेल तरच डिकँट करा आणि तेही वाढायच्या अगदी आधी, कारण हवेने वास उडून जातात.

कातरवेळ

जुन्यांसाठी पटलं. पण तरण्या, आवळलेल्या कॅबरनेला तासभर हवा दिल्याशिवाय ती तोंड उघडत नाही हा माझा अनुभव आहे, आणि पेनोंसाठीही मी तो सोडणार नाही.

प्रयोगवही

इथे तुलना आहे म्हणून एकच आग्रह: जे कराल ते चौघींना सारखं करा. एकीला डिकँटर आणि दुसरीला नाही, असं झालं की फरक हवेचा की वाइनचा ते कळणार नाही. ग्लासही सारखे. चाखण्याचा जो आयएसओ ग्लास आहे, १९७७ च्या मानकाचा, तो छोटा असतो आणि कुणाला शोभेचा वाटत नाही, पण तुलनेला पक्का. तापमानही सारखं, १६ ते १८ अंश. दोन अंश गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि १४.५ टक्क्यांच्या सालांवर उगाच राग निघतो.

भिंगरी

एक अवांतर. सहाजण जमत नसतील, एकटीनेच करायचं असेल तर चार बाटल्या उघडणं परवडत नाही. काय करावं?

पाचवा_कोपरा

बूच न काढता सुईने वाइन काढायचं यंत्र मिळतं, कोरावॅन. २०१३ मध्ये आलं. सुई बुचातून आत जाते, आर्गॉन वायू आत सोडला जातो आणि त्याच्या दाबाने वाइन बाहेर येते, त्यामुळे उरलेल्या वाइनला हवा लागत नाही. फार जुन्या, ठिसूळ बुचावर मी वापरणार नाही. तेही नसेल तर ३७५ च्या रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवा. वाइन उघडल्या उघडल्या काठोकाठ भरून बंद करायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे काही दिवस जातात.

कडूगोड

वय या विषयावर एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १९७६ च्या पॅरिसच्या प्रसिद्ध टेस्टिंगमध्ये, जिथे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन समोरासमोर होत्या, कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ रेडमध्ये पहिली आली, तेव्हा अनेकांनी म्हटलं की या वाइन तरुणपणी गोड बोलतात, बोर्दो मुरल्यावर बघा. २००६ मध्ये त्याच रेड पुन्हा चाखल्या गेल्या, तीस वर्षांनी. रिज मॉन्टे बेलो १९७१ पहिली आली आणि पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाकडे गेल्या. कोण किती मुरणार हे भाकीत करणारे भलेभले उताणे पडले आहेत.

आडवाट

सहमत. म्हणूनच उघडून बघावं लागतं.

सप्तपर्णी

मंडळी, बैठक झाली. सगळ्यांच्या सूचना शक्य तितक्या पाळल्या. सविस्तर लिहिते.

आधी तिकटी, अलीकडच्या जोडीवर. सहापैकी चौघांनी वेगळा ग्लास ओळखला. प्रयोगवहींच्या हिशेबाने नुसत्या अंदाजानेही १० टक्के वेळा हे होऊ शकतं, म्हणून मी यावर ठाम काही म्हणत नाही. निवांत, एक फेरी तिन्ही ग्लासांत एकच वाइन भरून केली. सगळ्यांनी वेगळा ग्लास शोधून दिला आणि दोघांनी त्याची कारणंही लिहून दिली!

मग चौकट. क्रमाबद्दल: नवीकडून जुनीकडे गेलेल्या तिघांनी जुन्या थंड सालाला "पातळ" लिहिलं. उलट फेरीत त्याच तिघांनी त्याच वाइनला सगळ्यात जास्त शब्द खर्च केले. कातरवेळ म्हणतात तो तुरटपणाचा थर आमच्या कागदांवर अक्षरशः दिसतोय.

आता माझा खरा प्रश्न. उभ्या तुलनेत, म्हणजे वयाने, जे बदललं ते गरम आणि थंड दोन्ही सालांत सारखंच होतं. कड विटकरी, टॅनिन मऊ, फळ ताज्याचं सुकं झालेलं, चामडं आणि देवदार वर आलेले. आडव्या तुलनेत जे वेगळं निघालं ते मात्र वयाने पुसलेलं नव्हतं. ढोबळी मिरचीचा वास दोन्ही थंड सालांत होता. नवीत तो नाक घातल्याबरोबर, जुनीत ग्लास फिरवल्यावर चामड्याच्या मागून, पण होताच, आणि बाटल्या झाकलेल्या असताना पाचजणांनी तो लिहिला. आम्लताही तशीच, दोन्ही थंड सालांना लाळ जास्त सुटली. जुन्या गरम सालात फळ कमी झाल्यावर अल्कोहोल उघडं पडलं होतं. नव्या गरममध्ये तेवढंच अल्कोहोल भरगच्च फळाखाली झाकलेलं होतं, कुणी लिहिलंच नाही.

नंतर वाइनरीची माहिती वाचली. नवीन ओकचं प्रमाण दहा वर्षांत खाली आणलंय. कडूगोड, तुमचा मुद्दा खरा ठरला. नव्यांत व्हॅनिला आम्हाला अपेक्षेपेक्षा कमी लागला होता, त्याचं उत्तर तिथे मिळालं.

उंबरठा

फार सुरेख. पायराझिन बाटलीत बराच टिकाऊ असतो, त्यामुळे जुन्या थंड सालात तो सापडणं अगदी जुळतं. अल्कोहोलचंही तसंच, ते वयाने कमी होत नाही, त्यावरचं पांघरूण कमी होतं.

आडवाट

नोंदी वाचल्या. कॅबरनेसाठी कातरवेळ यांचा क्रम मान्य. पिनो न्वारसारख्या कमी टॅनिनच्या वाइनला मी अजूनही नवीकडूनच सुरुवात करणार.

कातरवेळ

पिनोला माझीही हरकत नाही.

प्रयोगवही

उरलेल्याचं काय केलंत? प्रत्येकीतलं थोडं ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी चाखून इथे लिहा.

सप्तपर्णी

ठेवलं होतं, छोट्या बाटल्यांत, मुद्दाम अर्ध्याच भरून, म्हणजे हवा लागेल. आज संध्याकाळी आम्ही दोघींनी चाखलं. जुनं गरम साल बसलं होतं, वास जवळजवळ नाही. जुनं थंड उतरलेलं, पण पिण्यासारखं. नवं गरम कालच्यासारखंच. नवं थंड, ज्याला काल सगळ्यात कमी मतं होती, ते आज चारांत सगळ्यात चांगलं लागलं: टॅनिन सैलावलेले, मिरची मागे गेलेली, ब्लॅककरंट पुढे. त्याच सालच्या अजून दोन बाटल्या आणल्या. त्या कपाटात तळाशी आडव्या ठेवल्या आहेत आणि या धाग्याची वाचनखूण साठवली आहे.